छळछावणी रंगमंचावर उभी करावी का? इटलीतील एका स्मरणप्रयोगाच्या निमित्ताने

कृष्णाकाठ

गेली तीन वर्षे मी नोकरीनिमित्त इटलीतील तोरिनो शहरात राहत आहे. सांगलीत असताना राज्य नाट्यस्पर्धेच्या निमित्ताने तीन-चार नाटकांत छोटी कामे केली होती आणि एकदा पूर्ण नाटकाचे नेपथ्य सांभाळले होते. तेवढ्या भांडवलावर येथील एका वाचनालयाच्या हौशी नाट्यगटात मला प्रवेश मिळाला. हा गट दर वर्षी २७ जानेवारीला एक प्रयोग करतो. १९४५ साली या दिवशी ऑशविट्झची नाझी छळछावणी मुक्त झाली, आणि २००० सालच्या २११ क्रमांकाच्या कायद्यानुसार इटलीत हा स्मरणदिन म्हणून पाळला जातो. शाळा, नगरपालिका, नाट्यगृहे अशा सर्वांचेच काही ना काही कार्यक्रम त्या आठवड्यात असतात.

यंदाच्या प्रयोगाचे नेपथ्य माझ्याकडे आहे. गटातील एका सभासदाने लिहिलेल्या संहितेत तारेचे कुंपण आहे, कैद्यांचे पट्ट्यापट्ट्यांचे कपडे आहेत, जर्मन भाषेत ओरडणारे पहारेकरी आहेत आणि अखेरीस काळोखात दूर जाणाऱ्या आगगाडीचा आवाज आहे. पहिल्या वाचनाच्या वेळी माझ्या अंगावर काटा आला होता. तिसऱ्या तालमीला मात्र माझ्या ध्यानात आले की आम्ही पहारेकऱ्याची शिट्टी एका क्षणाने अलीकडे घ्यावी की पलीकडे, यावर वाद घालत आहोत, आणि उपाशी माणसाची चाल कोणाला अधिक साधली आहे याची चर्चा करीत आहोत. मध्यंतरात त्याच पट्ट्यांच्या कपड्यांत आम्ही कॉफी पीत उभे होतो. नाटकवाल्यांना यात वावगे काही वाटत नाही, मलाही एरवी वाटले नसते. पण त्या दिवशी मी घरी आले ती फार अस्वस्थ होऊन.

माझे प्रश्न दोन आहेत. छावणी रंगमंचावर दाखवणे योग्य आहे का, आणि नसेल तर नेपथ्यकाराने करायचे काय? दुसरा प्रश्न मला अधिक टोचतो. आमच्या संहितेत वाईट माणसे सर्व जर्मन बोलतात, म्हणजे इटालियन माणूस एक तर बळी ठरतो किंवा कोणाला तरी तळघरात लपवणारा शेजारी. ज्या देशात मुसोलिनीची फॅसिस्ट राजवट वीस वर्षांहून अधिक काळ होती, त्या देशातील स्मरणाच्या नाटकात फॅसिस्ट पात्र एकही नसावे, हे मला पटत नाही. परक्या देशातून आलेल्या बाईने हे बोलावे की नाही, याचा संकोच आहे, म्हणून आधी येथे विचारते.

तिसरी घंटा

आपल्या पहिल्या प्रश्नाला पीटर वाइस या नाटककाराने १९६५ सालीच उत्तर दिलेले आहे. फ्रँकफर्टमध्ये डिसेंबर १९६३ पासून ऑगस्ट १९६५ पर्यंत ऑशविट्झमधील अधिकारी आणि कर्मचाऱ्यांवर खटला चालला. वाइस त्या खटल्याच्या कामकाजाला स्वतः हजर राहिला, वृत्तपत्रांतील वृत्तांत त्याने जमवले आणि त्या साक्षींमधून ‘दि एर्मिटलुंग’, म्हणजे ‘तपास’, हे नाटक रचले. १९ ऑक्टोबर १९६५ रोजी पूर्व आणि पश्चिम जर्मनीतील डझनाहून अधिक नाट्यगृहांत ते एकाच संध्याकाळी सादर झाले. लंडनमध्येही त्याच रात्री त्याचे वाचन झाले. संहितेच्या आरंभीच्या सूचनेत वाइस सांगतो की प्रयोगात न्यायालयाची हुबेहूब प्रतिकृती उभारण्याचा प्रयत्न करू नये, कारण छावणी रंगमंचावर दाखवणे जितके अशक्य आहे तितकेच हेही अशक्य आहे. नेपथ्यकाराला दिलेली इतकी स्पष्ट सूचना माझ्या वाचनात दुसरी नाही.

मग त्या नाटकात असते काय? अकरा सर्ग असतात, प्रत्येकाचे तीन भाग, म्हणजे एकूण तेहेतीस. दान्तेच्या महाकाव्याची ती छाया आहे. गाड्या जिथे रिकाम्या होत त्या फलाटापासून आरंभ होतो आणि शेवट भट्ट्यांपाशी. अठरा आरोपी आपापल्या खऱ्या नावांनी येतात, आणि शेकडो माणसांच्या साक्षी अवघ्या नऊ निनावी साक्षीदारांच्या तोंडी विभागून दिलेल्या आहेत. छावणीत ज्यांची नावे काढून घेतली गेली ते नाटकातही बिननावाचेच राहतात, तर आरोपींना त्यांची नावे चुकवता येत नाहीत. ओळी मुक्तछंदात आहेत, त्यांत विरामचिन्हे नाहीत. नट रडला की ती ओळ मोडते; त्यामुळे नटाला ती नुसती सांगावी लागते. मला स्वतःला यातच त्या नाटकाचे सगळे बळ दिसते: रडण्याचे काम प्रेक्षकांकडे राहते.

हे नाटक इटलीतही रुजलेले आहे. पार्मा येथील तेआत्रो दुए ही संस्था जिज्जी दाल्लाल्यो यांनी दिग्दर्शित केलेला त्याचा प्रयोग १९८४ पासून करीत आली आहे. तोरिनोहून पार्मा काही तासांच्या अंतरावर आहे. जमल्यास आपल्या गटाला घेऊन जावे.

एक दोष मात्र झाकून ठेवू नये. या संपूर्ण नाटकात ‘ज्यू’ हा शब्द एकदाही येत नाही. छावण्यांच्या आसपास कारखाने उभारून नफा कमावणाऱ्या उद्योगांवर वाइसचा रोख होता आणि त्याला ही गोष्ट एका व्यवस्थेची म्हणून मांडायची होती. परंतु ज्यांना ज्यू म्हणूनच वेचून मारले त्यांच्या स्मरणात तोच शब्द गाळला जावा, ही टीका तेव्हापासून होत आली आहे आणि ती मला रास्त वाटते.

जुना प्रॉम्प्टर

तिसरी घंटा यांचे म्हणणे मला मान्य आहे, पण ‘दाखवायचेच नाही’ हा नियम म्हणून मी स्वीकारणार नाही, आणि त्याचे कारण कृष्णाकाठ यांच्याच शहरात घडलेले आहे.

प्रिमो लेव्ही हा तोरिनोचा ज्यू रसायनशास्त्रज्ञ. डिसेंबर १९४३ मध्ये तो व्हाल दाओस्ताच्या डोंगरात पकडला गेला, आणि फेब्रुवारी १९४४ मध्ये फोसोलीच्या छावणीतून, त्याच्याच हिशेबाप्रमाणे साडेसहाशे माणसांसह, ऑशविट्झला पाठवला गेला. त्याचे ‘से क्वेस्तो ए उन ऊओमो’, म्हणजे ‘हा जर माणूस असेल तर’, हे निवेदन १९४७ साली प्रथम छापले गेले. पुढे पिएरआल्बेर्तो मार्के या नटाबरोबर बसून लेव्हीने स्वतः त्याचे नाटक केले आणि तोरिनोच्या तेआत्रो स्ताबिले या संस्थेने ते १९६६ च्या नोव्हेंबरात रंगमंचावर आणले. पहिला प्रयोग खरे तर प्रातो येथे ठरला होता, पण त्याच महिन्याच्या ४ तारखेला फ्लोरेन्स परिसरात आलेल्या महापुराने ते बेत बुडाले आणि प्रयोग तोरिनोच्या कारिन्यानो नाट्यगृहात झाला. आपल्या तालमीच्या जागेपासून ते नाट्यगृह बहुधा ट्रामने जाण्याइतकेच दूर असेल.

म्हणजे ज्याने छावणी भोगली त्यानेच ती रंगमंचावर येऊ दिली. पण ती कशी येऊ दिली, हे महत्त्वाचे आहे. कॅनडातील नभोवाणीने त्याच्या पुस्तकावर एक श्रुतिका केली होती, तिची संहिता लेव्हीला मिळाली आणि तिच्यातील एका गोष्टीने तो चकित झाला: प्रत्येक माणूस आपापल्या भाषेत बोलत होता. छावणीत जर्मन, पोलिश, यिडिश, हंगेरियन, ग्रीक, फ्रेंच असा गलका होता, आणि इटलीहून गेलेल्यांपैकी अनेक जण पहिल्या काही आठवड्यांत मेले त्यामागे आज्ञा न कळणे हे एक मोठे कारण होते, असे लेव्हीने वेळोवेळी लिहिले आहे. ज्याला ओरडणे कळत नाही त्याला ठोसा कळतो. तोरिनोच्या नाटकातही हा भाषांचा गोंधळ मुद्दाम ठेवला गेला. प्रेक्षकाला अर्धे कळेना, आणि तो न कळण्याचा अनुभव हीच त्या प्रयोगातील छावणी होती.

आपल्या संहितेतील जर्मन ओरडा आणि हा गोंधळ यांत फरक कोणता, याचा विचार करावा. तुमच्याकडे जर्मन भाषा खलनायकाचा पोशाख म्हणून आली आहे. लेव्हीच्या नाटकात तिचा अर्थ लागतो की नाही यावर माणसाचे जगणे अवलंबून आहे. आपण स्वतः तोरिनोत उतरलात त्या पहिल्या महिन्यात खिडकीपलीकडून कोणी चिडून बोलले असेल तर काय झाले होते ते आठवा. अर्थात ते एक शतांशही नव्हे, पण नटाला तालमीत धरायला एवढा धागा पुरतो.

कपड्यांबाबत माझे मत निराळे काही नाही. पट्ट्यांचे कपडे आजच गुंडाळून ठेवावेत. चित्रपटांनी ते इतके वापरले आहेत की प्रेक्षक ते पाहताच ‘हे मला माहीत आहे’ असे म्हणून मोकळा होतो.

विंगेतून

आपला दुसरा प्रश्न तुम्ही संकोचाने विचारला आहे, पण तो परक्या बाईचा प्रश्न नाही. इटलीतील इतिहासकार तो कित्येक वर्षे विचारत आहेत. आपण ज्या २११ क्रमांकाच्या कायद्याचा उल्लेख केलात त्याचा मजकूर एकदा वाचून पाहावा. त्यात ज्यूंच्या संहाराचा उल्लेख आहे, वंशविषयक कायद्यांचा आहे, ज्यू नागरिकांच्या ‘इटालियन छळाचा’ सुद्धा आहे, आणि जीव धोक्यात घालून इतरांना वाचवणाऱ्यांचाही आहे. ‘फॅसिझम’ हा शब्द मात्र त्यात नाही. कर्त्याशिवाय क्रियापद चालवण्याची ही कला आपल्याकडच्या सरकारी पत्रव्यवहारातही चांगली अवगत असते.

या छळाची सुरुवात इटलीने स्वतः केली, आणि तीही जर्मन सैन्य इटलीत उतरण्याच्या पाच वर्षे आधी. जुलै १९३८ मध्ये तथाकथित शास्त्रज्ञांचा वंशविषयक जाहीरनामा वृत्तपत्रात छापून आला. २२ ऑगस्टला ज्यूंची स्वतंत्र शिरगणती झाली. ते सुमारे ४७ हजार होते, म्हणजे देशाच्या लोकसंख्येत दर हजारी जेमतेम एक. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात ज्यू मुले आणि शिक्षक सरकारी शाळांतून काढले गेले, १८ सप्टेंबरला मुसोलिनीने त्रिएस्तेच्या चौकात ज्यूंविरुद्ध भाषण केले आणि १७ नोव्हेंबरला मुख्य कायदा आला. घरी ‘आर्य’ मोलकरीण ठेवायची नाही, हे त्यातच होते. त्यानंतर परिपत्रकांची रांग लागली: दूरध्वनीच्या यादीत नाव येऊ द्यायचे नाही, मृत्यूची बातमी वृत्तपत्रात द्यायची नाही, फेरीवाल्याचा परवाना मिळणार नाही, रेडिओ जमा करायचा. रोमच्या जुन्या वस्तीतील कितीतरी ज्यू कुटुंबे फेरीच्या धंद्यावर जगत होती, त्यामुळे वरकरणी किरकोळ दिसणारे ते परवान्याचे कलम म्हणजे त्यांच्या चुलीवर ओतलेले पाणी होते. प्रिमो लेव्हीने १९४१ साली तोरिनोच्याच विद्यापीठातून उत्तम गुणांनी पदवी घेतली, तेव्हा त्याच्या प्रमाणपत्रावर ‘ज्यू वंशाचा’ अशी नोंद होती. नेपथ्यासाठी कुंपण शोधत आहात ना? ते प्रमाणपत्र हेच कुंपण आहे.

रंगभूमी या सर्व प्रकारात नुसती प्रेक्षक नव्हती. १९३१ पासून इटलीतील प्रत्येक नाटकाची संहिता रोममधील एका कार्यालयात मंजुरीसाठी जात असे आणि लिओपोल्दो झुर्लो नावाचा सनदी अधिकारी तिथे बसून त्या वाचत असे; आपल्या परिनिरीक्षण मंडळाचे अत्यंत शिस्तबद्ध, एकहाती रूप म्हणावे तसे ते होते. १९३८ नंतर ज्यू लेखकांची नाटके फलकांवरून उतरली. आल्दो दे बेनेदेत्ती हा त्या काळी गर्दी खेचणारा हलक्याफुलक्या नाटकांचा लेखक होता. त्याचे दोन डझन तांबड्या गुलाबांचे नाटक १९३६ सालचे, आणि ते आजही होते. नवरा-बायको आणि पुष्पगुच्छ यांच्यापलीकडे त्याच्या नाटकांत राजकारण औषधालाही नव्हते. तरी त्याचे नाव गेले, आणि त्याला स्वतःच्या नावाशिवाय चित्रपटांच्या पटकथा लिहून दिवस काढावे लागले. नाट्यगृह चालू राहिले, दिवे लागले, तिकिटे खपली. फलकावरचे एक नाव तेवढे पुसले गेले, आणि त्यासाठी एकही पहारेकरी ओरडला नाही. तुमच्या गटातील नटांना हा प्रसंग करायला द्या आणि त्यांना तो करताना कसे वाटते ते पाहा.

१९४३ च्या सप्टेंबरात जर्मनांनी उत्तर आणि मध्य इटली ताब्यात घेतल्यावर जे झाले त्यात जर्मनांचा पुढाकार होताच. रोममध्ये काप्लर या अधिकाऱ्याने २६ सप्टेंबरला ज्यू समाजाकडे ३६ तासांत ५० किलो सोने मागितले. लोकांनी अंगठ्या, साखळ्या, दात आणून ते पुरे केले. तरीही १६ ऑक्टोबरच्या शनिवारी पहाटे पावसात धरपकड झाली. हजाराहून अधिक माणसे १८ तारखेला तिबुर्तिना स्थानकातून रवाना झाली आणि त्यांतील सोळा परत आली: पंधरा पुरुष आणि एक स्त्री. परंतु ३० नोव्हेंबर १९४३ रोजी सर्व ज्यूंना अटक करून छावण्यांत ठेवण्याचा जो हुकूम निघाला, तो मुसोलिनीने जर्मनांच्या आधाराने उत्तरेत चालवलेल्या सरकारच्या गृहमंत्र्याचा होता, आणि त्यानंतरच्या अटकांपैकी मोठा भाग इटालियन पोलिसांनी इटालियन भाषेत, बहुधा ओळखीच्या गल्ल्यांत जाऊन केला. यांपैकी काहीच आपल्या संहितेत नसेल तर ती संहिता अपुरी म्हणून भागणार नाही. ती दिशाभूल करते.

युद्धानंतरही रंगभूमीला हे बोलणे सोपे गेले नाही. जर्मन नाटककार रोल्फ होखहूटचे, ज्यूंच्या संहाराबाबत पोप बाराव्या पायसने बाळगलेल्या मौनाविषयीचे नाटक १९६३ च्या फेब्रुवारीत बर्लिनमध्ये एर्विन पिस्काटोर या दिग्दर्शकाने उभे केले. त्यात रोममधील त्या धरपकडीचे दृश्य आहे. १९६५ च्या फेब्रुवारीत जान मारिया व्होलोन्ते या इटालियन नटाने तेच नाटक रोममधील एका लहानशा जागेत करायचे ठरवले, तर पोलिसांनी ते बंद पाडले. कारण देण्यात आले ते व्हॅटिकनशी झालेल्या करारातील रोमच्या पावित्र्याविषयीच्या कलमाचे, आणि तो करार १९२९ सालचा, म्हणजे मुसोलिनीनेच केलेला.

तिसरी घंटा

विंगेतून यांनी दिलेली माहिती फार मोलाची आहे. एक शंका मात्र हौशी गटाच्या बाजूने विचारतो. परिपत्रके, तारखा आणि कलमे रंगमंचावर वाचली तर तो प्रयोग राहील की इतिहासाचा तास? वाइसच्या हाती किमान साक्षीदारांचे बोलणे होते. मुसोलिनीच्या राजपत्राला बोलते कसे करायचे?

विंगेतून

त्यासाठी मी आस्कानियो चेलेस्तिनी या नटाचे २००० सालापासूनचे ‘रादिओ क्लान्देस्तिना’ सुचवतो. एक माणूस प्रेक्षकांसमोर येतो आणि बोलू लागतो. नेपथ्य म्हणावे असे जवळपास काहीच नाही. इटलीत या प्रकाराला कथनाची रंगभूमी म्हणतात. आपल्याकडे हरदासाने आख्यान लावले की जसे एकाच माणसाच्या तोंडून राजा, राणी, दूत आणि रस्त्यावरची म्हातारी बोलून जातात, काहीसे तसेच हे असते, फक्त टाळ-मृदंग नाहीत.

विषय आहे २४ मार्च १९४४ रोजी रोममधील फोस्से आर्देआतिने या खाणींत झालेल्या कत्तलीचा. आदल्या दिवशी रोममधील व्हिया राझेल्ला या रस्त्यावर प्रतिकारकांनी बाँब उडवला आणि जर्मन पोलीस पथकातील ३३ जण मेले. एकास दहा या हिशेबाने ३३० माणसे मारायची ठरली. प्रत्यक्षात ३३५ मारली गेली. गणतीत पाच जास्त आली होती, ती सोडली नाहीत. त्या ३३५ मध्ये सुमारे ७५ ज्यू होते आणि त्यांचा त्या बाँबशी काडीचा संबंध नव्हता. याद्या पूर्ण करण्यासाठी रोमच्या इटालियन पोलीसप्रमुखाने आपल्या कोठडीतील माणसे दिली.

चेलेस्तिनीने हे सारे आलेस्सांद्रो पोर्तेल्ली या मौखिक इतिहासाच्या अभ्यासकाने शेकडो लोकांशी बोलून लिहिलेल्या पुस्तकावरून उभे केले. ‘हल्लेखोर हजर झाले असते तर ते तीनशे लोक वाचले असते’, असे रोममध्ये अर्धे शतक लोक एकमेकांना सांगत आले. प्रत्यक्षात जर्मनांचे निवेदन २५ तारखेला छापून आले तेव्हा त्याच्या शेवटच्या वाक्यात हुकूम बजावला गेल्याचे नमूद होते. हजर व्हायला कोणी सांगितलेच नव्हते. चेलेस्तिनी हे सांगतो ते वाचता न येणाऱ्या एका बुटक्या बाईशी गप्पा मारता मारता. ती त्याला भिंतीवरच्या भाड्याच्या घरांच्या पाट्या वाचून दाखवायला सांगते. म्हणजे कागद वाचणारा आणि तो ऐकणारी, एवढ्यावर प्रयोग उभा राहतो. राजपत्र बोलते करण्याची युक्ती मला तरी याहून वेगळी ठाऊक नाही: ज्याच्यावर ते लागू होणार आहे अशा माणसाला ते मोठ्याने वाचून दाखवायचे.

मुक्काम बर्लिन

उशिरा आलो आहे, म्हणून थोडक्यात लिहितो. रंगभूमी स्मरण करते हे आपण सर्व गृहीत धरत आहात. ती फसवणूकही करते, हे विसरू नये. नाझींनी ज्यूंना कोंडून ठेवलेल्या बोहेमियातील तेरेझिन वस्तीत हान्स क्रासाची ‘ब्रुंडिबार’ ही मुलांची संगीतिका सप्टेंबर १९४३ पासून ५५ वेळा झाली, असे सांगतात. मुलांना आणि बघणाऱ्यांना तिने आनंद दिला यात शंका नाही. पण २३ जून १९४४ रोजी रेड क्रॉसचे पाहुणे पाहणीसाठी आले तेव्हा नाझींनी रंगवलेल्या घरांबरोबर हीच संगीतिका त्यांना दाखवली, आणि पाहुणे समाधानाने परतले. त्यात गाणाऱ्या मुलांपैकी बहुतेकांना त्या वर्षाच्या शरद ऋतूत ऑशविट्झला पाठवण्यात आले. आज युरोपभर शाळांतून ‘ब्रुंडिबार’ होते, मुले गोड गातात, पालक छायाचित्रे काढतात. मी स्वतः एक प्रयोग पाहिला आहे आणि मला तेथे रेड क्रॉसच्या पाहुण्याच्या खुर्चीत बसल्यासारखे वाटले. कदाचित तसे वाटावे हाच त्याचा उपयोग असेल. पण कार्यक्रमपत्रिकेत २३ जूनविषयी अवाक्षर नव्हते, हे मात्र मी माफ करू शकत नाही.

जुना प्रॉम्प्टर

मुक्काम बर्लिन यांचा मुद्दा योग्य आहे, पण त्यासोबत वॉर्सा येथील एक प्रयोगही ध्यानात ठेवावा, आणि त्याचा आपल्या देशाशी थेट संबंध आहे. यानुश कोर्चाक या बालरोगतज्ज्ञाने, ज्यूंना कोंडून ठेवलेल्या घेट्टोतील आपल्या अनाथाश्रमात, १८ जुलै १९४२ रोजी मुलांकडून रवींद्रनाथांचे ‘डाकघर’ करवून घेतले. खिडकीपाशी बसून राजाच्या पत्राची वाट पाहणारा आजारी अमल त्या मुलांनी केला. चारच दिवसांनी घेट्टोतून सामूहिक हद्दपारी सुरू झाली आणि ऑगस्टच्या आरंभी कोर्चाक सुमारे दोनशे मुलांसह ट्रेब्लिंका या संहारछावणीच्या गाडीत चढला. तो प्रयोग कोणाची फसवणूक करण्यासाठी नव्हता आणि स्मरणासाठी तर नव्हताच. म्हणूनच आज ‘डाकघर’ करताना वेगळे काही जोडावे लागत नाही; पडदा उघडण्यापूर्वी तारीख सांगितली तरी पुरते.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. आठवडाभर हा धागा मी पुन्हा पुन्हा वाचला आणि अखेर गटासमोर बोलले. संहिता लिहिणारे गृहस्थ प्रथम दुखावले गेले, ते स्वाभाविक होते. त्यांच्या आजोबांनी म्हणे एका कुटुंबाला धान्याच्या कोठारात आसरा दिला होता आणि संहितेतील शेजारी त्यांच्यावरूनच आला आहे. ते पात्र काढू नये असे मीही म्हणाले. पण त्या कोठाराबाहेरच्या रस्त्यावर कोण फिरत होते, कुटुंबाची बातमी पोहोचवली तर बक्षीस कोण देत होते, आणि ते बक्षीस कोणत्या भाषेत जाहीर झाले होते, हे त्यांना विचारल्यावर ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले की आजोबाही एवढेच सांगून थांबत असत.

आता कुंपण गेले आहे. पट्ट्यांचे कपडे गेले आहेत. वाचनालयातीलच एक लांब टेबल, चार खुर्च्या, एक जुना रेडिओ आणि दूरध्वनीची यादी, एवढेच नेपथ्य ठरले आहे. १९३८ ते १९४३ मधील परिपत्रके क्रमाने वाचली जातील, आणि प्रत्येक परिपत्रकानंतर टेबलावरची एक वस्तू उचलून नेली जाईल. उचलून नेणारा गणवेशात नसेल. जर्मन भाषा पहिल्या पाऊण तासात येणारच नाही. ती जेव्हा येईल तेव्हा तिचे भाषांतर केले जाणार नाही. ‘ज्यू’ हा शब्द प्रत्येक परिपत्रकात जितक्या वेळा आहे तितक्या वेळा उच्चारला जाईल, त्यात कोणी शिष्टाचाराने काटछाट करणार नाही, असेही ठरले.

टाळ्यांचे काय करायचे, यावर अजून एकमत नाही. अर्ध्या गटाला वाटते की नटांनी परत येऊ नये आणि प्रेक्षकांना रिकाम्या टेबलासमोर बसू द्यावे. उरलेल्यांच्या मते ते फार नाटकी होईल. मी सध्या या दुसऱ्या बाजूला आहे.

गुरुवारी पहिली तालीम झाली. आमच्यातील सर्वांत वयस्कर सभासद, जे आधी पहारेकऱ्याची भूमिका करीत होते आणि शिट्टी फार जोरात वाजवीत असत, त्यांच्याकडे रेडिओ जमा करण्याचे परिपत्रक दिले होते. त्यांनी चष्मा लावला आणि ते हवामानाच्या बातमीसारखे सपाट आवाजात वाचून काढले. मग उठून त्यांनी रेडिओ उचलला, वायर गुंडाळली, विंगेत नेऊन ठेवला आणि परत येऊन पुढचा कागद हातात घेतला. तो त्यांनी लगेच वाचायला घेतला नाही. कागदाच्या तळाशी कोणाची सही आहे, ते आधी त्यांनी मला विचारले.